समोरच्यानं निवडलेलं लाकूड

अन्ना, तुमच्या डाव्या भुवईवर जे तीन टाके होते ते माझ्यामुळे पडले. घातले डॉक्टरांनी, पण जखम माझी. तुम्हाला दारात ठेवलं होतं तेव्हा चेहरा उघडा होता, आणि येणारा प्रत्येक माणूस आधी त्या टाक्यांकडे बघायचा आणि मग हार घालायचा. कुणीतरी हळूच विचारलं, "हे काय लागलं होतं?" दुसऱ्यानं सांगितलं, "शेडमध्ये दांडा लागला म्हणत होते." मी तुमच्या पायांपाशी उभा होतो. हलगी जोरात वाजत होती.

डॉक्टरांना मी दोनदा गाठून विचारलं. "हृदय बंद पडलं. कपाळाच्या जखमेचा काही संबंध नाही," ते म्हणाले. दुसऱ्यांदा विचारल्यावर ते मलाच निरखून बघायला लागले. संबंध नाही हे मला कळलं आहे, पटलेलं मात्र नाही. मी मारल्यापासून अकराव्या दिवशी सकाळी तुम्ही कडक भाकरीचा तुकडा मोडत बसला होतात आणि तसेच आडवे झालात. त्या अकरा दिवसांत मी तुमच्याकडे फिरकलो नाही.

माफी मागायला येणारच होतो असं इथं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण ते खोटं होईल. मी वाद जिंकायला येणार होतो. अकरा दिवस मी अंघोळ करताना, गाडी चालवताना, वर्गात व्याकरण शिकवताना तुमच्याशी भांडत होतो. मुद्दे तयार होते. रक्त निघालं हे वाईट झालं, पण मुद्दा माझाच बरोबर, असं मी स्वतःला रोज सांगत होतो. तुम्ही मधेच उठून गेलात याचा मला अजून राग आहे. रडू येतं, पण आधी राग येतो. माझं नेहमीच असं होतं, तुम्हाला ते ठाऊक होतं.

तुम्हाला भेटलो तेव्हा मी निलंबित होतो. ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवणारा माणूस, कवितेचा अर्थ सांगताना डोळ्यांत पाणी येणारा. त्या माणसानं स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याच्या कानाखाली जाळ काढला होता. तो माझ्या वर्गातल्या एका मुलीबद्दल घाणेरडं बोलला होता. एका थपडेवर थांबलो असतो तर लोकांनी मनातल्या मनात शाबासकी दिली असती. मी थांबलो नाही. त्याचा चष्मा फुटला, मग ओठ फाटला, मग मी त्याचं डोकं फायलींच्या कपाटावर आपटलं. मला ओढून काढायला दोन शिपाई लागले. ओढून काढल्यावरही माझा हात हवेत चालूच होता असं नंतर लोक सांगत होते.

घरी मी माणसांना मारत नव्हतो. वस्तूंना मारत होतो. मिक्सरचं भांडं, दोन रिमोट, न्हाणीघराचं दार, पोरीच्या वाढदिवसाला आणलेला टेबलफॅन. सुनंदानं, माझ्या बायकोनं, निलंबनाचं पत्र वाचलं, घडी करून ठेवलं आणि म्हणाली, "घरातल्या वस्तू संपत आल्यात आता. पुढचा नंबर कुणाचा, माझा की पोरीचा?" मग तिनं एक बॅग भरली, स्टुलावर चढून कपाटावर ठेवली. "हात उठला की मी त्याच पावली करकंबला," ती म्हणाली. करकंब तिचं माहेर. बॅग भरलेली आहे हे मी एकदा चोरून वजन करून पाहिलं होतं.

निलंबनाच्या त्या दिवसांत मी रोज सकाळी घरातून निघून शहरभर पायी भटकायचो. एके दिवशी पूर्व भागातल्या एका गल्लीत टक-टक ऐकू आलं. तिकडं मागांचा खडखडाट ऐकायची सवय, हा आवाज वेगळा होता. पत्र्याच्या शेडमधले यंत्रमाग भंगारात गेले होते, जमिनीवर त्यांच्या पायांचे चौकोनी डाग राहिले होते, आणि त्या डागांवर एक टेबलटेनिसचं टेबल उभं होतं. तुम्ही ते बंद पडलेल्या सूतगिरणीच्या क्लबातून हातगाडीवर घालून आणलं होतं. तुम्ही मागांचे जॉबर. माग बिघडला की कान लावून कुठं दुखतंय ते सांगणारे. माग गेले, मालकानं किल्ली तुमच्याकडेच ठेवली.

"खेळायचं हाय का?" तुम्ही विचारलंत. मी भिंतीवरची जुनी बॅट घेतली आणि पहिलाच चेंडू असा हाणला की तो छताच्या पत्र्यावर आदळला. तुम्ही चेंडू उचललात, बोटांत फिरवून पाहिलात. चीर गेली होती.

"मास्तर, चेंडूनं काय वाईट केलंय तुमचं?"

मी अजून नावही सांगितलं नव्हतं. मास्तर हे तुम्ही चेहऱ्यावरून ओळखलंत की खिशाला अडकवलेल्या लाल पेनवरून, ते विचारायचं राहिलं.

पहिल्या आठवड्यात मी नऊ चेंडू फोडले. मला ते फार आवडलं, अन्ना. खोटं कशाला बोलू? मारायला मिळत होतं आणि कुणाचा ओठ फाटत नव्हता. तुम्ही पलीकडून "मेल्लगा, मास्तर, मेल्लगा" म्हणायचात. हळू, असं त्या तेलुगू शब्दाचं सांगणं. मी तेवढ्याच जोरात हाणायचो. चेंडू तुमच्या छातीवर, गळ्यावर, एकदा कानावर लागला. तुम्ही फक्त तो उचलून परत द्यायचात. पंखा लावला तर चेंडू हलतो म्हणून पंखा बंद, वर पत्रा तापलेला, आणि आपण दोघं घामानं निथळत असायचो.

महिन्याभरानं मी म्हणालो, आता मला माझी स्वतःची बॅट घ्यायची आहे. तेव्हा तुम्ही शेडचा नियम सांगितलात. नवा माणूस एक महिना शेडच्या जुन्या बॅटनं खेळतो. मग त्याच्यासमोर जो सगळ्यात जास्त खेळला असेल तो त्याचं ब्लेड निवडतो. ब्लेड म्हणजे बॅटचं नुसतं लाकूड, रबर चिकटवायच्या आधीचं. ज्याचं त्यानं निवडायचं नाही, हात लावायचा नाही, कुरकुर करायची नाही.

"हा कसला नियम? खेळणार मी, आणि निवडणार तुम्ही?"

"व्हय. तुमाला काय पायजे ते तुमाला ठाऊक. तुमी कसं मारताय ते मला ठाऊक. मारलेलं कुणाच्या अंगावर येतंय?"

भिंतीवर सात खिळे होते आणि त्यांच्यावर सात उघडी लाकडं टांगलेली. तुम्ही एकेक काढलंत. तळहातावर तोललंत. चेंडू उघड्या लाकडावर टप्पे खायला सोडलात आणि कान जवळ नेलात, मागाला कान लावायचात तसेच. काही लाकडं कोरडी, कडक वाजत होती. मला त्यांतलंच एक हवं होतं, ज्याच्यावरून चेंडू उडाला की हातभर वर जात होता. तुम्ही पाचव्या खिळ्यावरचं घेतलंत. पाच पदरांचं, साधं, मऊ लाकूड, मूठ सरळ. त्याच्यावर चेंडू पडला की जाड आवाज यायचा आणि चेंडू आळसावून वर यायचा.

"हे तुमचं."

"हे मेलेलं आहे."

"जिवंत हाय. तुमच्यापेक्षा थंड हाय एवढंच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेडमध्ये खेळायला येणारे बाकीचे दोघं-तिघं हसले. मी रबर चिकटवताना गोंदाची बाटली आपटून फोडली. तुम्ही पॉलिश पेपरनं मुठीची कड घासून दिलीत, माझ्या अंगठ्याच्या मापानं, आणि म्हणालात, शिकाऊ माणसाला वेगवान लाकूड देऊ नये. वेगवान लाकूड सगळं स्वतःच करतं, आणि माणसाला वाटतं आपणच केलं. ह्या लाकडात जेवढं तुम्ही घालाल तेवढंच बाहेर येईल. मी म्हणालो, मला मारायचंय. तुम्ही म्हणालात, "मारा की. पण कशानं मारलं ते कळू द्या हाताला."

त्याच दिवशी तुम्ही तुमच्या भावाची गोष्ट सांगितलीत. धाकटा भाऊ तुमच्या हाताखाली शिकत होता. त्यानं माग चुकीचा लावला, सूत वाहणारा धोटा उडाला आणि तुमच्या दातांवर बसला. तुम्ही रक्तबंबाळ तोंडानं मागाचा लाकडी दांडा उपसलात आणि त्याच्या डोक्यावर घातलात. एकदा नाही, चारदा. त्याचा उजवा कान कायमचा गेला. तो भिवंडीला निघून गेला आणि परत आला नाही. "तवापासून राग आला की हात कुटंतरी लाकडावर पसरून ठेवतो," तुम्ही म्हणालात. "उचलायचे न्हाईत. आग उतरंपर्यंत तितंच." मग तुम्ही दोन्ही पंजे टेबलावर पसरून मला दाखवलेत. मला ते नाटकी वाटलं होतं.

त्या मऊ लाकडानं मला दोन वर्षं छळलं. कितीही दात-ओठ खाऊन मारलं तरी चेंडू आपल्या चालीनं जायचा. मनगट कडक झालं की चेंडू जाळीत. खांदा वापरला की टेबलाबाहेर. माझा राग कुठं बसला आहे ते मला चेंडू सांगायचा, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. पण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात असं झालं की सुनंदानं चहाचा कप माझ्यासमोर आपटला आणि मी तो उचलून प्यायलो. मनगट सैल होतं. मी स्वतः आधी ते ओळखलं नाही. ती थबकून बघत होती म्हणून मला कळलं. पुढं निलंबन उठलं, मी पुन्हा वर्गात उभा राहिलो, घरात नवा मिक्सर आला आणि तो अजून आहे. हे सगळं तुमच्यामुळे झालं हे मी तुम्हाला एकदाही सांगितलं नाही. उलट दर आठवड्याला विचारायचो, "आता लाकूड बदलू का?" आणि तुम्ही म्हणायचात, "वद्दू." म्हणजे नको.

दोन वर्षं वद्दू ऐकून घ्यायला माणूस संत असावा लागतो. या उन्हाळ्यात मी गुपचूप पुण्याहून एक ब्लेड मागवलं. कार्बनचं. लाकडाच्या पदरांमध्ये काळा थर, कडेनं बघितलं की पेन्सिलीनं रेघ ओढल्यासारखा दिसणारा. नियम मोडून माझं मी निवडलं, माझ्याच हातानं रबर चिकटवलं. थंड लाकूड स्कूटरच्या डिकीत फेकलं, त्याची रबरं ओरबाडून काढून. ओरबाडताना लाकडाची दोन सालपटं निघाली. मला बरं वाटलं.

त्या दुपारी शेडमध्ये आपण दोघं आणि बाकावर दोन खेळाडू. मी नवी बॅट काढली. तुम्हाला कडेवरची काळी रेघ लांबूनच दिसली. तुम्ही ती हातात घेतलीत, चेंडू टप्प्यावर सोडलात, ऐकलंत, परत दिलीत. मग तुमची बॅट टेबलावर पालथी ठेवलीत.

"वद्दू, मास्तर. ह्याच्यासमोर मी न्हाय उभारणार."

"दोन वर्षं झाली, अन्ना! मी अजून शिकाऊच का?"

"लई चांगलं खेळताय तुमी. पण रागावला की मनगट कडक हुतंय अजून. ह्या लाकडात ते तुमाला कळणार न्हाय. समोरच्याला कळंल."

"तुम्ही मला बांधून ठेवलंय. तुम्हाला हरायची भीती वाटते."

"मी कुटं बांधलंय? मनगट तुमचंच हाय की." आणि तुम्ही हसलात.

ते हसणं कुत्सित नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं आणि तरी मी मारलं. सपाट बाजूनं नाही, कडेनं. टेबलाला वळसा घालून दोन पावलं आलो आणि खांद्यापासून हात फिरवला. भुवईचं कातडं फाटल्याचा आवाज मी ऐकला. रक्त आधी डोळ्यात गेलं, मग टेबलाच्या पांढऱ्या रेघेवर टपटप पडायला लागलं. मी दुसऱ्यांदा हात उगारला होता. बाकावरच्या दोघांनी मला धरलं. मी ओरडत होतो, शिव्या देत होतो, तुम्हाला अरे-तुरे करत होतो, बाप काढत होतो.

तुमचे दोन्ही पंजे टेबलावर पसरलेले होते. रक्त पुसायलाही तुम्ही ते उचलले नाहीत. एका डोळ्यानं माझ्याकडे बघत होतात. मला वाटलं तुम्ही मला हिणवताय. मी बॅट जमिनीवर फेकली आणि निघून आलो.

नंतर त्या दोघांपैकी एकानं फोन करून सांगितलं की टाके घालून आल्यावर तुम्ही ती बॅट उचललीत, फडक्यानं पुसलीत, भिंतीत एक नवा खिळा ठोकलात आणि ती तिथं टांगलीत, आधीच्या सात खिळ्यांच्या शेजारी. घरी अक्कांना, तुमच्या बायकोला, सांगितलंत की दांडा लागला. हे ऐकून माझं डोकं आणखी फिरलं. तुम्ही ती जाळली असती, पोलिसात गेला असता, चार लोकांत माझी लाज काढली असती तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही मला सोपं असं कधी काही दिलंच नाही.

तुमचा भाऊ भिवंडीहून मयताला आला होता, अन्ना. माझ्याच शेजारी उभा होता. कुणी बोललं की तो मान वळवून डावा कान पुढं करायचा. तुमच्या भुवईकडे त्यानं बराच वेळ पाहिलं आणि मग मला विचारलं, "कुणी मारलं?" त्याला दांड्याची गोष्ट पटली नव्हती. मी म्हणालो, "मी." त्यानं कान पुढं केला होता, म्हणजे त्याला ऐकू आलं असणार. त्यानं मान हलवली आणि खांदा द्यायला पुढं गेला.

तुमचे दिवस झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शेड उघडली. झाडून घेऊ म्हटलं. थोड्या वेळानं दारात अक्का आल्या. दोन वर्षं त्या रोज आपल्याला चहा आणून द्यायच्या, बाकावर बसून विड्या वळता वळता खेळ बघायच्या, आणि आपल्यापैकी एकाच्याही डोक्यात कधी आलं नाही की त्यांच्या हातात बॅट द्यावी. त्यांनी पदर खोचला, भिंतीपाशी गेल्या आणि आठव्या खिळ्यावर बोट ठेवलं.

"मास्तर, ह्यानंच मारलं न्हवं?"

"हो, अक्का. मीच मारलं."

"मला म्हणले दांडा लागला. दांड्याची जखम मला कळत न्हाय व्हय? मी खाल्लाय की दांडा." त्यांनी बॅट काढून हातात घेतली. "लगीन झाल्यापासनं मारायचा. भावाचा कान फुटला तवा थांबला. भावासाठी सुदारला, मास्तर. माझ्यासाठी न्हाय. मला कदी म्हणला न्हाय, चुकलं म्हणून. म्हणंल, आज म्हणंल, करत तीस वर्षं गेली, आन आता मेला. माझं मारायचं राहून गेलं."

मी तुमच्याबद्दल हे ऐकत होतो आणि मला काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. तुमचा राग आला. तुमची कीवही आली. ते दोन पसरलेले पंजे आठवले आणि ते तुम्ही भावासाठी पसरत होतात, अक्कांसाठी नाही, ते कळलं. तुम्ही देवमाणूस होता असं भाषण मी मनातल्या मनात तयार केलं होतं. ते तिथंच बंद पडलं.

"मला शिकवा," अक्का म्हणाल्या. "ह्याच बॅटनं. मला जोरात मारायचंय."

ती काळी रेघ त्यांच्या मुठीत होती. मुठीवरची नस ताठ झालेली. इतक्या वर्षांत मला अशी मूठ समोरून कधी दिसली नव्हती, नेहमी मागून दिसायची, कारण ती माझी असायची. मी टेबलाच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. समोरचा आता मी होतो. निवडायचं मला होतं.

"वद्दू, अक्का," मी म्हणालो. "हे लाकूड नको."

"त्याचा शब्द मला सांगू नका!"

अक्का टेबलाला वळसा घालून आल्या. त्या येताहेत, हात मागं जातोय, मनगट दगड झालंय, हे सगळं मला दिसत होतं. मी दोन्ही हात टेबलावर ठेवले, बोटं पसरून. पांढऱ्या रेघेवर तुमच्या रक्ताचा तपकिरी डाग होता, माझा अंगठा त्याच्यावर पडला. बॅट माझ्या गालाच्या हाडावर बसली. डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि कानात शिट्टी वाजायला लागली. माझ्या आत ते उसळलं, अन्ना, ओळखीचं, खांद्यापासून निघालेलं. उजवा हात नखांनी टेबलाचा रंग खरवडत होता. दुसरा फटका कानावर आला. तिसऱ्यासाठी त्यांनी हात उचलला आणि माझ्या हातांकडे पाहिलं.

बॅट खाली पडली. अक्का तुमच्या नावानं तेलुगूत शिव्या देत, छाती बडवत खाली बसल्या. अर्धा तास त्या तुम्हाला शिव्या देत होत्या. मी थांबवलं नाही. माझे हात तेवढा वेळ टेबलावरच होते, कारण मला त्यांचा भरवसा नव्हता.

मग मी स्कूटरपाशी गेलो आणि डिकीतून तुम्ही निवडलेलं लाकूड काढलं. सालपटं निघालेलं, उघडं. ते तळहातावर तोललं, चेंडू टप्प्यावर सोडला, कान जवळ नेला. तुमच्यासारखं मला काही कळत नाही. पण आवाज जाडच होता. ते मी अक्कांना दिलं.

"हे थंड आहे, अक्का. यात जेवढं तुम्ही घालाल तेवढंच बाहेर येईल."

त्यांनी डोळे पुसले, मूठ हातात फिरवून पाहिली, माझ्या अंगठ्यासाठी तुम्ही घासलेली कड चाचपली. "एवढं जड कशाला?" म्हणाल्या. मग रबर नसलेल्या त्या उघड्या लाकडानंच त्या खेळायला उभ्या राहिल्या. महिनाभराच्या नियमाचं काय, असं मी विचारलं नाही. त्यांनी पहिला चेंडू माझ्या तोंडावर हाणला, दुसरा छातीवर, तिसरा जाळीत. मी तो उचलून परत दिला. उजेड होता तोवर उचलून परत देत राहिलो. तुम्ही माझ्यासाठी किती वाकला असाल ते त्या दिवशी पाठीला कळलं.

घरी गेलो तेव्हा गाल सुजून डोळा मिटायला आला होता. तुमच्यासारखं दांडा लागला म्हणून सांगता आलं असतं. सुनंदानं दिव्याखाली ओढून माझं तोंड पाहिलं. "कुणी मारलं?"

"अक्कांनी. दोनदा."

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. बोटांची पेरं, नखं, सगळं तपासलं, पोलीस तपासतात तसं. नखांत टेबलाचा हिरवा रंग होता.

"आणि तुम्ही काय केलं?"

"काही नाही."

पंधरा वर्षांच्या संसारात हे उत्तर मी तिला कितीतरी वेळा दिलं आहे, अन्ना. खरं पहिल्यांदाच दिलं. तिनं एकदा कपाटावरच्या बॅगेकडे पाहिलं आणि बर्फ आणायला आत गेली.